रोहू-कटल्याचे प्रजनक १२ वर्षे त्याच रक्ताचे : बदल कधी, किती आणि कसा करावा?

गोडेपाणी यांचा प्रश्न

गोड्या पाण्यातल्या कार्प हॅचरीबद्दल विचारतो आहे. गोलाकार टाकी पद्धत आहे. रोहूचे ६० प्रजनक, म्हणजे बीज काढण्यासाठी राखलेले मोठे मासे (४० माद्या, २० नर), कटल्याचे ३५, मृगळचे ५०. तिन्ही जातींचा मूळ साठा १२ वर्षांपूर्वी एकाच ठिकाणच्या बोटुकलीतून (बोटभर पिल्लांतून) वाढवलेला. तेव्हापासून बाहेरचा एकही मासा आलेला नाही.

नवे प्रजनक तयार करायची पद्धत अशी: जूनअखेरच्या पहिल्या बॅचमधून ३००-४०० बोटुकली वेगळी काढायची, वाढवायची आणि त्यातले चांगले दिसणारे दोन-अडीच वर्षांनी जुन्यांच्या जागी आणायचे. एका बॅचला साधारण ४ माद्या आणि ६ नर लागतात. म्हणजे आतापर्यंत चार पिढ्या झाल्या.

गेल्या तीन हंगामांत फलन ९० टक्क्यांवरून ७०-७५ वर आले आहे. बोटुकलीचा आकार फार कमी-जास्त होतो. काहींचे कल्ल्यावरचे झाकण अर्धवट असते, काहींची पाठ आखूड आणि वाकडी.

हे सगळे अंतःप्रजननामुळे (जवळच्या नात्यातल्या माशांच्या मीलनामुळे) का? किती प्रजनक ठेवले म्हणजे पुरेसे? आणि जयंती रोहूची (निवडीतून सुधारलेल्या वाणाची) २०० बोटुकली आणून यातच मिसळली तर काम होईल, की धरणातून जंगली रोहू पकडून आणणे बरे?


हिशेबी_मासा

आधी आकडे पाहू, कारण ६० हा आकडा फसवा आहे.

तळ्यात किती प्रजनक पोहतात याला जनुकीय हिशेबात फारशी किंमत नाही. पुढच्या फळीत, म्हणजे प्रजनकांच्या नव्या पिढीत, किती आईबाप उतरले ते मोजायचे. त्याला परिणामकारक प्रजनक संख्या म्हणतात. सूत्र सोपे आहे: नर गुणिले माद्या गुणिले ४, भागिले नर आणि माद्यांची बेरीज. तुमचे ६०च्या ६० मासे वापरले गेले असते तर २० × ४० × ४ भागिले ६०, म्हणजे सुमारे ५३. पण नवी फळी एका बॅचमधून येते आणि त्या बॅचला आईबाप दहाच. ६ × ४ × ४ भागिले १० म्हणजे ९.६. बाकीचे ५० मासे वर्षभर पेंड खातात, बीज देतात, ते बीज विकले जाते. पुढच्या पिढीत त्यांचे काहीच उरत नाही.

आता दर पिढीला वाढणारे अंतःप्रजनन: १ भागिले (२ × परिणामकारक संख्या). ५३ धरले तर ०.९ टक्का, ९.६ धरले तर ५.२ टक्के. चार पिढ्यांचे साचत गेलेले प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास जाते. अंदाज यावा म्हणून सांगतो, सावत्र भावंडांच्या मीलनातून होणाऱ्या संततीत हे प्रमाण १२.५ टक्के असते आणि सख्ख्या भावंडांच्या संततीत २५. तुम्ही या दोहोंच्या मध्ये आहात. सायप्रिनसमध्ये (कॉमन कार्पमध्ये) सख्ख्या भावंडांच्या एकाच पिढीने वाढ १० ते २० टक्क्यांनी घटल्याची नोंद इस्रायलमधल्या मोआव आणि वोल्फार्थ यांच्या कामात आहे.

तुमची हॅचरी यात वेगळी नाही. एकनाथ आणि डॉइल यांनी १९९० साली कर्नाटकातल्या कार्प हॅचऱ्यांचा असाच हिशेब छापला होता. परिणामकारक संख्या ३ ते ३० आणि अंतःप्रजनन २ ते १७ टक्के निघाले होते. रोहूची मादी किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते, तिथेच गोम आहे. गाई-म्हशीच्या धंद्यात शंभर वासरे हवी तर शंभर गाई लागतात. इथे दोन माद्यांत अख्ख्या तालुक्याचे बीज निघते, मग जास्त माद्यांना प्रजननाचे इंजेक्शन टोचायची गरजच कोणाला वाटत नाही.

आणखी तीन गोष्टी या आकड्याला खाली ओढतात. एक, नरांची काटकसर. ४० माद्या आणि ५ नर असतील तर मासे ४५, पण परिणामकारक संख्या १८ सुद्धा भरत नाही. जी बाजू कमी, तीच आकडा ठरवते. दोन, एखादे वाईट वर्ष. चार पिढ्यांत आकडे ४०, ४०, ८, ४० असे असतील तर साधी सरासरी ३२ येते. पण खरी परिणामकारक संख्या २० असते. दुष्काळाच्या वर्षी चार जोड्यांवर भागवले की त्याची किंमत पुढच्या सगळ्या पिढ्या मोजतात. तीन, त्याच माद्या हंगामात दोनदा टोचणे. जुलैची आणि सप्टेंबरची बॅच रजिस्टरात दोन दिसतात, पण आया त्याच. त्या एकदाच मोजायच्या.

किती पुरेसे? नुसते अंतःप्रजनन आवरायचे असेल तर परिणामकारक संख्या ५० धरा, दर पिढीला १ टक्का. पण विविधता म्हणजे तेवढेच नव्हे. समजा, एखाद्या जनुकाचे एक रूप साठ्यात ५ टक्केच आहे, उद्या एखाद्या रोगात कामाला येईल असे. १० आईबाप घेतले तर ते रूप पुढच्या पिढीत अजिबात न उतरण्याची शक्यता ३६ टक्के. ३० आईबाप घेतले तर ५ टक्क्यांहून कमी. गंमत अशी की १० आईबापांतही एकूण विविधता कागदावर ९५ टक्के टिकलेली दिसते. विरळ रूपे मात्र गुपचूप गळून गेलेली असतात, आणि गेलेले रूप त्या साठ्यात परत येत नाही.


जाळेवाला

हिशेब पटला. पण लक्षणांची सगळी पावती अंतःप्रजननावर फाडू नका, नाहीतर बाहेरून मासे आणूनही पुढच्या वर्षी हाच प्रश्न विचाराल.

फलन घटणे हे बहुतेक वेळा अंडे आणि शुक्र किती पक्व होते यावर असते. फलन झाले की नाही हे ठरते तेव्हा गर्भ पुरता बनलेलाही नसतो. त्याच्या नात्यागोत्याचा परिणाम पुढे दिसतो, गर्भ मरण्यात, जिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) मरण्यात, वाढीत. फलन ७० वर आले असेल तर आधी बघा: नर एका आठवड्यात दुसऱ्यांदा वापरले का, इंजेक्शननंतर मादीला उशीर होऊन अंडी शिळी झाली का, एप्रिल-मेमध्ये प्रजनकांना पोटभर खाद्य आणि ताजे पाणी मिळाले का.

कल्ल्याचे अर्धवट झाकण आणि वाकडा कणा ही अंतःप्रजननाची ठरलेली खूण नाही. क जीवनसत्त्व कमी पडले तरी हेच होते. नर्सरीत प्लवंग (पाण्यातले सूक्ष्म जीव, पिल्लांचे खाद्य) मरून गेले आणि पिल्ले नुसत्या शेंगपेंड-कोंड्यावर राहिली की ही वेळ येते. उबवणीच्या पाण्याचे तापमान ३१-३२ अंशांवर गेले तरी वाकडी पिल्ले वाढतात. आकार कमी-जास्त होणे तर गर्दीचे लक्षण.

खरे कारण शोधायची खात्रीची रीत आहे. पाच माद्या घ्या. प्रत्येकीची अंडी हाताने काढून दोन सारखे भाग करा. एका भागाला घरचा नर, दुसऱ्याला पूर्णपणे बाहेरचा नर. आई तीच, अंडी तीच, पाणी तेच. दोन्ही भाग वेगळ्या हाप्यांत (तळ्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांत) सारख्या संख्येने वाढवा आणि ४५ दिवसांनी जगलेली, वाकडी आणि सरासरी वजन मोजा. पाचपैकी चार-पाच माद्यांत बाहेरच्या नराची पिल्ले ठळकपणे सरस निघाली तर दोष नात्याचा. दोन्हीकडे वाकडी सारखीच निघाली तर खाद्य-पाणी सुधारा. एका मादीवर निकाल काढू नका, एखादा नरच कमअस्सल निघू शकतो.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. उलटी निवड. मोठा मासा बाजारात आधी विकला जातो, मागे राहतो तो हळू वाढणारा, आणि तोच पुढे प्रजनक होतो, कारण हाताशी तोच असतो. दहा वर्षे असे केले म्हणजे तुम्ही न ठरवता लहान माशांची निवड करत आलात.

तुमच्याकडे दुसराही प्रकार आहे: फक्त जूनची पहिली बॅच. म्हणजे जे मासे लवकर पिकतात त्यांचीच पोरे पुढे जातात. लवकर पिकणारा मासा गाभोळीकडे वळतो आणि वाढीत मागे पडू शकतो. काही जण याच्या उलट करतात, जून ते ऑगस्टच्या सगळ्या बॅचेस एका तळ्यात टाकतात आणि वर्षाने त्यातले सगळ्यात मोठे उचलतात. जूनचे पिल्लू ऑगस्टच्या पिल्लापेक्षा दोन महिन्यांनी मोठेच असणार. ती निवड वाढीची न होता वाढदिवसाची झाली, आणि फिरून सगळे प्रजनक पहिल्याच बॅचचे.


संकर_नको

धरणातल्या ‘जंगली’ रोहूबद्दल. रोहू, कटला, मृगळ हे मुळात गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू या खोऱ्यांतले मासे. गोदावरी, भीमा, कृष्णेत ते बीज सोडून आणलेले आहेत. उजनीत सापडलेला पाच किलोचा रोहू रुबाबदार दिसतो, पण त्याचा आजा कुठल्यातरी हॅचरीतलाच. अनेक ठिकाणचे बीज त्यात मिसळलेले असल्याने तो अगदीच निरुपयोगी नाही. फक्त त्याचे मूळ कळत नाही, आणि दुसरी भीती म्हणजे तो निखळ रोहू असेलच असे नाही.

तिन्ही कार्पांची गुणसूत्रे ५०, त्यामुळे त्यांचे संकर वांझ होत नाहीत. गोल टाकीत रोहू आणि कटला एकाच रात्री सोडले की फलन पाण्यातच होते, कोणाचे शुक्र कोणाच्या अंड्याला लागेल याला धरबंध नाही. कटला अनेकदा वेळेवर पिकत नाही म्हणून कटल्याच्या मादीला रोहूचा नर मुद्दामही लावला जातो. पहिल्या पिढीचा संकर दिसायला छान असतो, वाढही रोहूपेक्षा बरी म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण तो प्रजनकांच्या तळ्यात शिरला की पुढच्या पिढीत ना धड कटला ना धड रोहू. एकदा साठ्यात ही भेसळ पसरली की डोळ्यांनी निवडून काढणे अशक्य.

म्हणून रक्त बदलायच्या आधी घरचे १४५ मासे एकेक करून तपासा. कटला: डोके मोठे आणि रुंद, तोंड वर वळलेले, वरचा ओठ जवळजवळ नाहीच, मिशा अजिबात नाहीत, कल्ल्यातले दाते लांब, बारीक, दाट. रोहू: तोंड खाली, दोन्ही ओठ जाड आणि झालरदार, बारीक मिशांची जोडी. ‘कटल्या’ला झालरीचा ओठ किंवा मिशीचा अंकुर दिसला, किंवा डोके शरीराच्या मानाने लहान वाटले, की तो बाजूला आणि थेट बाजारात. खवले मोजून उपयोग नाही, पार्श्वरेषेवर दोघांचेही चाळीस-बेचाळीसच्या आसपास येतात.

आणि पुढे प्रजनक राखायच्या बॅचच्या रात्री टाकीत एकच जात. आधीच्या बॅचची अंडी चाळणीत, पाइपात, संकलन टाकीच्या कोपऱ्यात राहतात, तीही धुऊन काढा.


गोडेपाणी

फार उपयोगी. कटल्याच्या ३५ पैकी निदान चार-पाच तरी संशयास्पद असणार, मिशांकडे कधी लक्षच दिले नव्हते. आता पुढे काय करायचे ते टप्प्याने सांगा. प्रजनकांसाठी १० गुंठ्यांची तीन तळी आहेत, त्याहून जास्त जागा नाही.


हिशेबी_मासा

एक चांगली बातमी आधी. साठा कितीही अंतःप्रजनित झाला असला तरी ज्याच्याशी नाते नाही अशा साठ्यातला नर लावला की त्या संततीतले अंतःप्रजनन एका फटक्यात शून्यावर येते. हरवलेली जनुकरूपे परत येत नाहीत, पण त्यांच्या जागी नवी येतात. खरी जबाबदारी त्यानंतरची. ती संकरित पोरे आपसात पुन्हा भावंडेच असतात, त्यांतून एकाच बॅचची फळी उचलली की दोन पिढ्यांत पुन्हा तिथेच.

आधी जागेचा हिशेब. प्रजनकांची घनता हेक्टरी १,५०० ते २,००० किलो. १० गुंठे म्हणजे जवळपास ०.१ हेक्टर, त्यात १५० ते २०० किलो मासा. दोन किलोचा प्रजनक धरला तर तळ्यात ७५ ते १००, तिन्ही तळ्यांत मिळून २२५ ते ३००. त्यात तिन्ही जाती बसवायच्या. माझे मत विचाराल तर एवढ्या जागेत दोनच जाती नीट सांभाळा आणि तिसरीचे जिरे विकत घेऊन वाढवा. तीन जाती थोड्या थोड्या ठेवण्यापेक्षा दोन जाती १००-१०० हे केव्हाही सरस.

या हंगामापुरता उपाय म्हणजे नर अदलाबदल. १५ नर द्यायचे, १५ घ्यायचे. ज्या हॅचरीशी अदलाबदल करायची तिचा मूळ साठा कुठला हे आधी विचारा. शंभर किलोमीटरवरची हॅचरी म्हणजे वेगळे रक्त असे नसते, दोघांनीही मुळात बंगालमधल्या नैहाटीच्या एकाच व्यापाऱ्याकडून बीज आणलेले असू शकते. आलेले नर तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा आणि परांच्या बुडाशी उवा बघा. एका उवाळ माशाने अख्खे प्रजनक तळे गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. नर घेताना वक्षपराच्या वरच्या बाजूने बोट फिरवा, हंगामात तो खरखरीत लागतो, आणि पोट हलके दाबले की पांढरे दूध यायला हवे.

कायमचा उपाय म्हणजे राखीव फळी वेगळ्या पद्धतीने काढणे. हंगामात रोहूच्या दहा बॅचेस होतात असे धरू. प्रत्येक बॅचला ४ वेगळ्या माद्या, ४ वेगळे नर. कोणताही मासा दोनदा नाही. प्रत्येक बॅचमधून सारखीच बोटुकली, समजा ३०, वेगळी काढायची. एकूण आईबाप ४० आणि ४०, परिणामकारक संख्या ८०, दर पिढीला अंतःप्रजनन ०.६ टक्का. आज ५.२ आहे. खर्चात वाढ म्हणाल तर २० नर जास्त आणि दहा हापे, एवढीच.

‘सारखीच’ या शब्दावर जोर आहे. ज्या बॅचला जास्त जिरे निघाले तिचे जास्त घ्यायचा मोह होतो. सगळ्या कुटुंबांचे पारडे सारखे ठेवले तर परिणामकारक संख्या सूत्राने येते त्याहूनही वर जाते, आणि एका कुटुंबाने निम्मी जागा अडवली तर धपकन खाली येते. जिरे हाप्यात टाकतानाच वाटीने मोजा, तीन दिवसांचे जिरे मिलिलीटरला साधारण ५०० भरते.

प्रत्येक बॅचला २ × १ × १ मीटरचा हापा, सगळे हापे एकाच तळ्यात. निवड करायची ती हाप्याच्या आत. ३० हवी असतील तर ६० मधली वरची ३०. हाप्या-हाप्यांची आपसात तुलना करायची नाही, कारण त्यांची वये वेगळी. वाकडे, जखमी काढून टाका, पण वरच्या पाच टक्क्यांवरच थांबू नका. अरुंद साठ्यात फार कडक निवड केली तर हाती काही लागत नाही. मोआव आणि वोल्फार्थ यांनीच सायप्रिनसवर पाच पिढ्या मोठे मासे निवडले तेव्हा वाढ हलली नाही. लहान निवडलेल्या वळीत (वंशशाखेत) मात्र ती घटली.


जाळेवाला

वरच्या योजनेत एक भोक आहे. टाकीत ४ माद्या आणि ४ नर सोडले म्हणजे चारही नर बाप झाले असे नाही. दांडगा नर बहुतेक अंडी फलित करतो. कागदावर ४०, प्रत्यक्षात कदाचित २०.

म्हणून राखीव फळीसाठी निदान काही बॅचेस तरी हाताने करा. ओव्हाप्रिम (प्रजननासाठी टोचायचे संप्रेरक) रोहूच्या मादीला किलोमागे ०.३ ते ०.४ मिली, कटल्याला ०.४ ते ०.५, नरांना ०.१ ते ०.२. पाणी जितके उबदार तितकी मादी लवकर तयार होते. चौथ्या तासापासून लक्ष ठेवा, नर पाठलाग करू लागले की मादी उचला. लवकर दाबली तर अंडी सुटत नाहीत आणि मादी आतून जखमी होते. तास-दीड तास उशीर झाला तर अंडी शिळी. मादी कोरड्या कापडाने पुसून घ्या, भांडे ठार कोरडे हवे. पाण्याचा थेंब लागला की अंड्याचे छिद्र मिनिटाभरात बंद व्हायला लागते.

अंडी चार वाडग्यांत वाटायची आणि प्रत्येक वाडग्यात एकाच नराचे दूध. पिसाने मिनिटभर हलवायचे, मग पाणी, मग दोन-तीनदा धुणे, आणि त्यानंतरच चारही वाडगे एका उबवणी टाकीत. दूध आधी एकत्र करून ओतणे ही सगळीकडे होणारी चूक. एका नराचे शुक्र जोमदार असले की तेच बाजी मारते आणि तुम्हाला वाटते चार बाप लागले.

हाताने काढलेल्या माद्यांत मर थोडी जास्त असते, म्हणून विक्रीच्या बॅचेस नेहमीसारख्या टाकीतच होऊ द्या. सायप्रिनसला ही रीत जशीच्या तशी लावू नका, त्याची अंडी चिकट असतात, गोळा होतो.

खूण करण्याबद्दल: पर कापून केलेली खूण काही महिन्यांत भरून येते, दोन वर्षे टिकत नाही. प्रजनकांना पिट टॅगच हवा, १२ मिलिमीटरची तांदळाएवढी काचेची नळी, जाड सुईने पाठीच्या स्नायूत किंवा पोटाच्या पोकळीत. वाचक यंत्र महाग पडते, तीन-चार हॅचऱ्यांनी मिळून एक घ्यावे. तेवढेही जमत नसेल तर तीन तळ्यांना तीन वळी माना.


हिशेबी_मासा

वाडग्यांची दुरुस्ती मान्य, ती माझ्या उत्तरात यायला हवी होती.

तीन वळींची रीत थोडक्यात अशी. अ, ब, क ही तळी. दर पिढीला अ च्या माद्यांना क चे नर, ब च्या माद्यांना अ चे, क च्या माद्यांना ब चे. संतती आईच्या तळ्याच्या नावाने राहते. टॅग नाही, वंशावळ नाही, तरी सख्खी-सावत्र भावंडे कधी जोडीला येत नाहीत. एकच अट, पावसाळ्यात बांध फुटून तळी मिसळू द्यायची नाहीत. फुटलाच बांध तर ती वळ संपली असे धरून बाहेरून नवी आणावी. दोन जाती ठेवल्या तर तीनही तळ्यांत दोन्ही राहतील, फक्त प्रजननाच्या रात्री वेगळ्या.


संकर_नको

जयंती रोहूचा प्रश्न राहिला.

हे वाण भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगेच्या केंद्रीय गोडे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेत १९९२ पासून नॉर्वेच्या सहकार्याने निवडीतून तयार झाले. पाया मुद्दाम रुंद ठेवला होता: गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा या नद्यांतला रोहू आणि संस्थेचा स्वतःचा साठा. कुटुंबे वेगळी वाढवून, टॅग लावून निवड केली आणि दर पिढीला वाढीत सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास भर पडली. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, बाहेर दिले म्हणून नाव जयंती. वरच्या इस्रायलच्या प्रयोगाशेजारी हे ठेवून पाहा. पायाच रुंद होता, म्हणून निवडीला हाताला काहीतरी लागले.

पण २०० बोटुकली एकाच टाकीतून उचललेली असतील तर ती दोन माद्यांची पोरेही असू शकतात. नाव जयंती, परिणामकारक संख्या चार. घेताना विचारा की ही किती जोड्यांची आहेत, किती बॅचेसची. शक्यतो तीन-चार वेगवेगळ्या तारखांच्या बॅचेसमधून ५०-५० घ्या. कौसल्यागंगेलाच राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची गोड्या पाण्यातल्या माशांची प्रजनक बँक आहे, तिथून किंवा तिच्याकडून साठा घेतलेल्या केंद्रातून आणलेले बरे. मूळ तरी कळते.

घरच्या साठ्यात मिसळण्याबद्दल माझा सल्ला नाही असा आहे. मिसळले की पहिल्या पिढीत सुधारणा दिसेल. मग ती पोरे जयंती म्हणून विकली जातील, आणि निवडीचा फायदा दर पिढीला अर्धा होत जाईल. जयंती एका तळ्यात निखळ ठेवा, घरच्या माद्यांवर तिचे नर लावून विक्रीचे बीज काढा. ती संकर पोरे प्रजनक म्हणून राखू नका, आणि जयंतीचा साठा दोन पिढ्यांनी मूळ केंद्रातून ताजा करा. तिथे निवड चालूच असते, तुमच्याकडे ती आणली त्या दिवशी थांबते.

धरणात सोडायचे बीज असेल तर याहून जास्त जपायला हवे. तळ्यातला मासा वर्षाने निघून जातो, नदीत गेलेला परत काढता येत नाही. लोणावळ्याला कृत्रिम प्रजननाने तयार झालेले दख्खनी महाशीराचे बीज चांगल्या हेतूने दूरदूर गेले, कावेरीतही. तिथे तो असा रुजला की कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर मागे हटला. तो २०१८ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे.


गोडेपाणी

ठरवले ते असे: कटला बंद, रोहू आणि मृगळ ठेवणार. यंदा पाच माद्यांची अर्ध्या-अर्ध्या अंड्यांची चाचणी आणि १५ नरांची अदलाबदल. रजिस्टरात काय काय लिहावे?


जाळेवाला

तारीख, पाण्याचे तापमान, प्रत्येक मादी आणि नराचा टॅग किंवा तळे, वजन, इंजेक्शनची मात्रा आणि वेळ, अंडी सुटल्याची वेळ, फलन टक्के, जिऱ्याची मोजदाद, राखीव म्हणून किती काढले आणि कोणत्या हाप्यात. नर लिहायला विसरू नका. बहुतेक रजिस्टरांत माद्यांची नोंद असते आणि नरांच्या रकान्यात नुसते ‘पुरेसे’.